शेजाऱ्याच्या तोंडची जमीन

कडकमावशी,

तुला पत्र लिहून उपयोग नाही, हे मला कळतं. होतीस तेव्हाही तू पत्रं वाचत नव्हतीस, दुसऱ्याकडून वाचून घ्यायचीस आणि तिसऱ्या ओळीला म्हणायचीस, "मुद्द्याचं सांगा." तर मुद्द्याचं. आपलं एक काम राहिलंय. कुठलं ते तुला ठाऊक आहे, इतरांना नाही. आणि हल्ली जो उठतो तो मला विचारतो, वरच्या लोकांच्या जमिनी नुसत्या तोंडी बोलण्यावर नोंदल्या तरी कशा? दर वेळी पहिल्यापासून सांगून माझा घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून टाकते. तू मध्ये मध्ये दुरुस्त्या करशील, तेव्हा जरा गप्प बैस. यात अर्ज लिहून देणारी एक म्हातारी येईल, ती मीच. तिच्याकडे फार लक्ष द्यायचं कारण नाही.

कडकमावशी सरकारी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. तळघरात दोन धुण्याची यंत्रं, त्यातलं एक कायमचं आजारी, आणि भिंतीला लागून जमिनीत पक्कं केलेलं पत्र्याचं लांब टेबल. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे आणि डॉक्टरांचे पांढरे कोट. त्या कोटांना ती अशी खळ द्यायची की ते खुंटीवाचून उभे राहावेत. एकदा मोठे डॉक्टर म्हणाले, "मावशी, कोट देता की चिलखत?" तेव्हापासून ती कडकमावशी. स्वभावालाही नाव चपखल बसलं, मग खरं नाव कोणी विचारलंच नाही.

ती आली वरून. शहरात सगळे त्यांना 'वरचे लोक' म्हणत, कारण ते डोंगराच्या कण्यावर राहायचे आणि तिथे त्यांच्या आधी कोणी राहिल्याचं कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे लढाई आली. माथ्यावर वर्दीवाल्यांची चौकी बसली, खालच्या रानात बंदुका घेतलेले दुसरे बसले, आणि मधोमध या लोकांची शेतं. जात्यात कोण आणि सुपात कोण, हे विचारायची वेळच आली नाही. एका सकाळी भोंगा फिरला: सूर्य मावळायच्या आत डोंगर रिकामा करा. मावशी नवरा आणि मुलाला घेऊन खाली उतरली. नवरा तिसऱ्या वर्षी शहरातच वारला. मुलगा मोठा होऊन बसच्या गॅरेजात लागला.

बारा वर्षांनी सरकारला जाग आली. वरच्या लोकांच्या परंपरेच्या जमिनी नोंदवणार म्हणाले. महिनाअखेरपर्यंत नोंदेल ती त्यांची, राहील ती बेवारस. बेवारस जमिनीवर डोळा ठेवून डोंगर फोडणारे खडीवाले आधीच बसले होते.

कार्यालय थाटलं बंद पडलेल्या सिनेमाघरात. लोकांनी खुर्च्यांवर बसायचं, समोर फाटका पडदा. कारकून हॉलच्याच भिंतीतल्या तिकिटाच्या खिडकीआड. दाराशी बंदूकवाला पहारेकरी, त्याच्यापुढे रजिस्टर: नाव, गाव, घरात कोण कोण.

आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. कारकुनाने विचारायचं, "तुमची जमीन कुठली, किती?" आणि वरच्या माणसाने म्हणायचं, "ते मी कसं सांगू?" कारकून रकान्यात लिहायचा, 'सांगता येत नाही.' पुढचा. आठ दिवसांत दोनशेच्या वर अर्ज, सगळ्यांवर तेच.

मावशीची पाळी आली तेव्हा असं झालं:

"जमीन कुठली?"

"ते मी नाही सांगायचं. भाऊजींना विचारा."

"कोण भाऊजी?"

"शेजारी. सुतार आहेत."

"कुठे असतात?"

"इथेच. चार गल्ल्या सोडून."

"मग घेऊन या."

"आमचं बोलणं नाही."

"कधीपासून?"

"बारा वर्षं."

कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि पाणी मागवलं.

शेजारच्या टेबलावर अर्ज लिहून देणारी म्हातारी बसली होती. तिने मावशीला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, की तुम्ही लोक वेडे आहात का. तेव्हा उलगडा झाला. वरच्या लोकांत जमिनीला कागद नसतो. शेजारी हाच कागद. आपली हद्द आपल्या तोंडाने सांगायची नाही. माझी तू सांगायची, तुझी मी. "आपल्या तोंडाने सांगितलेली हद्द रोज थोडी वाढते," असं मावशीची सासू म्हणायची. मी कॉलेजात जमिनीचे कायदे शिकवले, पण इतकं शहाणं वाक्य मला एकाही कायद्यात सापडलेलं नाही.

म्हातारी साहेबाकडे गेली. साहेब म्हणाला, "फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही."

"फॉर्म काय आभाळातून पडला? घाला रकाना."

दोन दिवस घासाघीस झाली आणि रकाना आला: 'शेजाऱ्याचे निवेदन'. अट एकच. शेजारी सांगेल, पण ज्याची जमीन त्याने स्वतः येऊन सही करायची, तीही महिनाअखेरच्या आत. अकरा दिवस उरले होते.

त्यातले सहा गेले, मग मावशी सुताराच्या दुकानात गेली. दाराच्या चौकटी भिंतीला टेकलेल्या, पायाखाली भुसा, सरसाचा वास. सुतार फळीवर रंधा मारत होता. वर न बघता म्हणाला, "बाई, काय बनवायचंय?"

"बाई? वहिनीची बाई कधी झाले, भाऊजी?"

"गिऱ्हाइकाला बाईच म्हणतो मी."

"मग गिऱ्हाईकच समजा. इस्त्रीच्या टेबलाचा पाय हलतोय."

"टेबल आणा."

"कसं आणू? जमिनीत पक्कं केलंय."

"मग हलतं कसं?"

मावशीला हसू आलं. त्याला आलं नाही. मग तिने आडवळण सोडलं. "मी तुमची सांगते, तुम्ही माझी सांगा. नाहीतर दोन्ही जमिनींची खडी होईल."

रंधा थांबला. "त्या दाराशी बंदूक आहे. घरात कोण कोण विचारतो. धाकटा कुठे म्हणाला तर काय सांगू?"

त्याचा धाकटा भाऊ रानातल्यांबरोबर गेला होता. नऊ वर्षं त्याचा पत्ता नव्हता.

"खरं ते सांगा. माहीत नाही म्हणा."

"आणि दगडाचं?" सुतार म्हणाला. "दगडाचं खरं कोण सांगणार?"

मावशी बाहेर पडली.

दगड म्हणजे दोघांच्या शेतांमधला हद्दीचा दगड. डोंगर रिकामा व्हायच्या पंधरा दिवस आधी सुतार म्हणू लागला की दगड हलला आहे, आपल्या शेतात शिरला आहे. मावशीच्या नवऱ्याने शपथ घेतली की नाही. जाणती माणसं बसून निवाडा करणार होती, तेवढ्यात भोंगा फिरला आणि निवाडा, दगड, जाणती माणसं सगळंच पांगलं. पण मावशीला ठाऊक होतं. सगळे पाण्यावर गेले असताना भर दुपारी नवरा मातीने भरलेल्या हातांनी घरी आला होता, आणि तिने त्याच्या हातांवर पाणी घातलं होतं. विचारलं काहीच नाही. शपथेच्या वेळी ती त्याच्या शेजारी गुमान उभी होती.

दगड सरकला होता अठरा पावलं. ती पट्टी चांगली होती, ओल धरणारी.

त्या संध्याकाळी मुलगा हाताचं ग्रीस पुसत जेवायला बसला. खोली एकच, त्यामुळे काही लपवायचं म्हटलं तरी जागा नव्हती. तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे चारचौघांत बाबांना चोर म्हणणार?"

"चोर कशाला? दगड चोरला असता तर घरी आणला असता."

मुलगा हसला नाही. "आई, तिथे आपल्याला पाऊल टाकता येत नाही. पेरलेले सुरुंग आहेत. आणि तू त्यातली अठरा पावलं दुसऱ्याला देणार?"

"देणार नाही. त्यांची आहेत ती."

"सुतारकाका आपली जमीन सांगतील?"

"माहीत नाही."

"मग आधी त्यांना सांगू दे."

"कोणी तरी आधी बोलायला पाहिजे. मागच्या वेळी मी थांबले होते." मग म्हणाली, "तुझा बाप चांगला माणूस होता. एका दुपारी वाईट होता. मला ती दुपार त्या डोंगरावर ठेवायची नाही."

मुलाने ताट पुढे सरकवलं आणि बाहेर जाऊन बसला. सकाळी तो डबा न घेताच कामावर गेला.

सिनेमाघर भरलेलं होतं. मावशी खिडकीपाशी उभी राहिली आणि सुताराच्या वारलेल्या आईच्या नावे सांगू लागली, कारण जमीन तिच्याकडून मुलांना आलेली होती. फुटक्या कातळापासून झऱ्याच्या डाव्या काठाने वर, तिथून दोन बुंध्यांचं झाड उजव्या हाताला ठेवून, घळीच्या तोंडापर्यंत, तिथून हद्दीचा दगड. डोळे मिटून, एकही पाऊल न चुकता.

"दगड कुठे?" कारकुनाने विचारलं.

"आता आहे तिथून अठरा पावलं माझ्या बाजूला. आताचा दगड माझ्या नवऱ्याने हलवलेला आहे. मला तेव्हाही माहीत होतं."

खुर्च्यांची करकर थांबली.

"हे लिहू?" कारकून हळूच म्हणाला.

"लिहायलाच बसलाय ना?"

त्याने लिहिलं. "आणि तुमची जमीन?"

"सांगितलं ना, ते मी नाही सांगायचं."

महिना संपायला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सुतार लाँड्रीच्या पायऱ्या उतरून आला, अंगावर भुसा तसाच.

"माझ्या आईचं नाव सगळ्या जगासमोर घ्यायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"आता ते सहीला बोलावणार. मी गेलो नाही तर जमीन जाते, गेलो तर धाकट्याचं निघतं. चांगलं नाक दाबलंत!"

"दाबलं खरं," मावशी कोटाची कॉलर फिरवत म्हणाली. इस्त्री तिने थांबवली नव्हती.

"बारा वर्षांपूर्वी बोलला असतात तर?"

"नाही बोलले. भ्याले."

"कोणाला?"

"घराला. बाहेरच्या बंदुकीला भ्यायची वेळ नंतर आली."

सुतार टेबलाला टेकला. टेबल अर्थातच हललं नाही. मग म्हणाला, "मला त्या दाराची भीती वाटते."

मावशीने इस्त्री उभी केली, एप्रन काढून खुंटीला लावला. "चला."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढायचाय?"

दाराशी पहारेकऱ्याने विचारलं, "हा कोण?"

"माझा शेजारी."

"घरात कोण कोण?"

सुतार एक पाऊल मागे सरला. मावशी पुढे झाली. "आमच्यात शेजारणीने सांगायचं असतं. लिहा. हा, बायको, दोन मुली. आणखी एक भाऊ, नऊ वर्षांत घरी आलेला नाही. कुठे आहे ते मला ठाऊक नाही, यालाही ठाऊक नाही. जिवंत असला तर त्यालाही या जमिनीत वाटा आहे. झालं? का आणखी काही?"

पहारेकऱ्याने तिच्याकडे पाहिलं, सुताराकडे पाहिलं, लिहिलं, आणि बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "जा आत."

सुताराने आधी सही केली. मग मावशीची जमीन सांगितली. तिने त्याची सांगितली होती तशीच, पावलापावलाने. शेवटी म्हणाला, "दगडाची ती अठरा पावलं माझी. बाकी सगळं यांचं."

कारकून शिक्का मारणार, तेवढ्यात सुतार म्हणाला, "थांबा. झऱ्याला जायची वाट माझ्या शेतातून जाते. ती वाट वहिनींची. ती कोणी अडवायची नाही. मीसुद्धा."

"हे खरं का?" कारकुनाने मावशीला विचारलं.

मावशी फाटक्या पडद्याकडे बघत होती. "मी नाही सांगायचं," ती म्हणाली.

उरलेल्या तीन दिवसांत त्या सिनेमाघरात जे चाललं ते कुठल्याही सिनेमात चाललं नसेल. वर्षानुवर्षं तोंड न बघणारे एकमेकांना ओढून आणत होते आणि खिडकीपाशीच भांडून, शिव्या देऊन, पुन्हा एकमेकांची हद्द बिनचूक सांगत होते. दोनशेवर अर्जांतले दीडशेच्या आसपास नोंदले गेले. बाकीच्यांचे शेजारी मेले होते, रानात होते, किंवा आलेच नाहीत. त्यांच्या जमिनी बेवारस यादीत गेल्या. त्यांचे खटले चालू आहेत, आणि त्यांचे अर्ज मी अजून लिहिते आहे. खडीवाले वाट बघून थकतील असं वाटत असेल तर ते चूक आहे. मीही थकलेली नाही.

तर कडकमावशी, आता आपलं काम.

शिक्का बसला त्याच दिवशी तू म्हणालीस, "बाई, दगड आमच्या घराने हलवला, आमच्या घरानेच मागे न्यायला पाहिजे. पण बघायला तिसरं माणूस हवं. तुम्ही ना माझ्या, ना भाऊजींच्या." भाऊजींनी कुदळीला नवा दांडा घातला, त्यासाठी तुझी मूठ दोरीने मोजून घेतली आणि "एवढी एवढीशी मूठ आणि तोरा केवढा," असं म्हणाले. पहिल्या वर्षी सुरुंग काढून झाले नव्हते. दुसऱ्या वर्षी पूल उडवला. तिसऱ्या वर्षी एका दिवसाची परवानगी आली आणि माझा गुडघा सुजला होता. "उन्हाळा जाऊ दे," असं मी म्हणाले. मीच म्हणाले. तू "बरं" म्हणालीस. तू कधी बरं म्हणायची नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. उन्हाळा संपायच्या आत तुझी छाती भरली, आणि तुझ्याच हातच्या कडक चादरीवर तू गेलीस.

तुझ्या मुलाला विचारलं. "बघू," म्हणाला. भाऊजींना विचारलं, तर म्हणाले, "मी कसा हलवू? दगड मागे गेला तर फायदा माझा आहे."

दगड अजून अठरा पावलं चुकीच्या जागी उभा आहे. कुदळ माझ्या दाराआड आहे. दांडा तुझ्या मापाचा, माझ्या मुठीत नीट बसत नाही.