फाटकाजवळचं बाक

यमुनामावशी गेल्याची बातमी भोरच्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने आणली. पुण्यात आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीखाली मोटार थांबवून त्याने वर हाक मारली, "अहो, तुमच्या मावशी गेल्या पहाटं. चला, परतीची मोटार लगेच निघंल." कचेरीत तेव्हा एका मोठ्या डॉक्टरांच्या सत्काराचा मजकूर जुळत होता. मावशीने ज्या इस्पितळात उमेदीची सगळी वर्षं काढली, त्याच इस्पितळाचे ते प्रमुख. मावशीच्या निधनाची ओळ कुठेच छापून आली नाही.

मावशी वेल्ह्याकडच्या पासली गावच्या शाळामास्तरांची मुलगी. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन ती माघारी आली. पुढे वडील भोरला राहायला गेले, तिथल्या घरातली मागची अंधारी खोली तिच्या वाट्याला आली. पुण्याला जाऊन नर्सचं शिक्षण घेते म्हणाली, तेव्हा निम्म्या नातलगांनी तिच्या हातचं पाणी सोडलं. इस्पितळाने तिला जे दिलं ते नाकारता येणार नाही. आतून कडी लावता येणारी खोली, विजेचा दिवा, नेमाने पगार, म्हातारपणी पेन्शन. "पांढरं लुगडं मला भोरलाही चुकलं नसतं," ती म्हणायची, "इथं त्याला इस्त्री असते, एवढंच." त्या बदल्यात भावाच्या लग्नाला रजा मिळाली नाही, आणि वडिलांसाठी मिळाली ती त्यांचे दिवस झाल्यावर. एका वॉर्डातल्या नर्सने दुसऱ्या वॉर्डात जायचं नाही, ड्यूटीवर बाहेरच्या कुणाला भेटायचं नाही, असा नियम होता. तिने तो पाळला.

वेल्ह्याकडच्या माणसांना ती इमारत लांबूनच धडकी भरवी. फाटकापाशी दलाल घोटाळत, अडाणी माणसाला भलत्याच दवाखान्यात नेत. म्हणून मावशीने गावोगाव सांगून ठेवलं होतं, "फाटकावर माझं नाव सांगा. दुसऱ्या कुणाशी एक शब्द बोलू नका." माणसं तसंच करत. ती ड्यूटीवरून सुटेपर्यंत फाटकाजवळच्या बाकावर बसत, मग ती त्यांना आत नेई. कित्येक वर्षं हे सुरळीत चाललं... म्हणून तर कुणाला त्यातला धोका दिसला नाही.

पासलीचा धोंडिबा बायकोला घेऊन आला तो भाताच्या लावणीचा हंगाम होता. भागू बाळंतपणात अडली होती. डोलीतून वेल्हे, तिथून गाडीने नसरापूर, पुढे मोटार, असं करत त्यांनी पुणं गाठलं. बायकोला आणि आईला टांग्यात पडद्याआड ठेवून धोंडिबा फाटकावर गेला. "येमूताईंना बोलवा," म्हणाला. दारवान म्हणाला, "ड्यूटीवर आहेत. बस तिथं." धोंडिबा बसला. बाईचं दुखणं परक्या गड्याला सांगायचं नसतं, आणि दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, हे तर ताईंनीच बजावलेलं. दारवानानेही काही विचारलं नाही. बाळंतिणींचा वॉर्ड त्या बाकाच्या मागच्या भिंतीपलीकडेच होता.

संध्याकाळी मावशी बाहेर आली.

"धोंडिबा, कवा आलास?"

"सकाळच्याला, ताई. तुमचीच वाट बघत व्हतो."

"आणि भागू?"

त्याने टांग्याकडे बोट केलं. "हाय की. लई वरडत व्हती. मगाधरनं जरा निजलीया."

मावशी धावली. पडदा सारला तेव्हा सासू झोपल्या सुनेला वारा घालत होती. वारा घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

इस्पितळाने चौकशी केली. दारवान निर्दोष ठरला, कारण त्याने नियम मोडला नव्हता. मावशीला मात्र समज मिळाली की, नर्सने आपल्या नावावर रोगी बोलावू नयेत. तिने एकच मागणी केली. 'बस' म्हणण्याआधी दारवानाने 'काय होतंय' एवढं विचारावं. मेट्रनबाई हसल्या. "आज तो प्रश्न विचारेल, यमुनाबाई, उद्या औषध देईल." पुढच्या वर्षी मावशीला बढती मिळाली. तिने ती घेतली. मागची खोली भोरला अजून रिकामीच होती.

धोंडिबाने तिला कधी बोल लावला नाही. उलट दर साली तो नवा तांदूळ घेऊन यायचा. "एकदा शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं रे," ती एकदा म्हणाली. त्यावर तो म्हणाला, "तुमाला कशापायी, ताई? तुमी तर आपलं मानूस."

लढाई संपली तेव्हा मावशी निवृत्त झाली. त्याच सुमारास फाटकावर नवी बाकं आली. जुनं मोडीत निघालं, ते तिने मागून घेतलं आणि मोटारीच्या टपावर टाकून भोरला आणलं. सामान उतरवणारा हमाल म्हणाला, "पुण्याहून हेच गावलं व्हय, बाई?" ओट्यावर तिने ते भिंतीला उभं टेकवून ठेवलं. त्यावर कुणी कधी बसलं नाही. घरी आलेल्याला आधी पाणी, मग बसायला पाट, ही आपली रीत. तिच्या दारात मात्र आल्या माणसाला उंबऱ्यातच प्रश्न यायचा, "काय होतंय, आधी ते बोल. मग बस." लोकांना ते तुसडेपणाचं वाटायचं.

मावशीच्या तेराव्याला माणसं पुष्कळ जमली. पाट पुरेनात, म्हणून कुणीतरी ते बाक आडवं केलं आणि चौघेजण त्यावर टेकले. उशिरा धोंडिबा आला, थकलेला, खांद्यावर तांदळाची पिशवी. बसलेल्यांनी सरकून जागा केली.

"बसा की बाबा, उभं का?"

त्याने बाकावरून एकदा हात फिरवला.

"न्हाई," तो म्हणाला. "म्या लई बसलोय ह्याच्यावर."