दहाच्या ठोक्याची धुरी

हवेतल्या गंधकाच्या वायूचा आणि नवजात बाळांच्या श्वासाच्या त्रासाचा काय संबंध आहे, याचं संशोधन पुण्याच्या एका मॅडम करत होत्या. माझं काम सोपं. स्कूटरवरून घरोघर जायचं, पाळण्याजवळ डबाभर आकाराचं यंत्र टांगायचं आणि आठवड्यानं आकडे उतरवून घ्यायचे. चहा तेवढा लई व्हायचा, म्हणून बहुतेक घरी नको म्हणायचे.

निमगाव सावाच्या एका घरात महिन्याचं बाळ होतं. घर पूर्वी मेंढरं राखणाऱ्यांचं, आता द्राक्षबागायतदारांचं. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक गप्प गप्प, आणि तिची आई, म्हणजे बाळाची आजी, दोघींच्या वाटचं बोलणारी. यंत्र टांगलं तसं आजीनं विचारलं, "ह्ये काय मोजतं?"

मला पुढं आळेफाट्याचं घर गाठायचं होतं. "गंधक," म्हणाले आणि किक मारली.

आठवड्याचे आकडे पाठवले, तर पुण्याहून मॅडमचा फोन. "तिथं रोज सकाळी दहाला गंधकाचा आकडा एकदम चढतोय. कोणता कारखाना सुरू होतो?" मी हसले. दहाला तिथं फक्त बाळाची अंघोळ व्हायची!

दुसऱ्या दिवशी दहाला तिथं हजर झाले. अंघोळ झाल्यावर आजीनं धुरीसाठी शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकला, आणि मग द्राक्षांवर धुरळायच्या गंधकाची चिमूट. नाकात झणका गेला. बाळ खोकायला लागलं, पोट भराभरा वरखाली. मी त्याला उचलून अंगणात पळाले.

"आजी, गंधक कशाला?"

"तूच म्हनलीस ना, मशीन गंधक मोजतं? पुण्याची मानसं मोजाया येत्यात, म्हंजी लेकराला लागतच आसंल. मेंढरांची खरूज बी त्यानंच जायची. आदी मी नुसता ओवाच टाकायची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता लेक बोलली, "आई, मी म्हनत व्हते ना, त्याला दम लागतोय."

आम्ही तिघी बाळाला घेऊन ओतूरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, औषध दिलं आणि ओव्याचीसुद्धा धुरी बंद करायला सांगितली. बाहेर बाकावर आजी रडायला लागली. "माझ्याच हातानं केलं गं."

"माझ्या तोंडानं," मी म्हणाले. त्या दिवसापासून मी चहाला नाही म्हणत नाही, आणि समजावून सांगितल्याशिवाय उठतही नाही.

महिन्याभरानं गेले तेव्हा बाळ गुटगुटीत झालं होतं. नेहमीसारखी स्कूटर दाराशी आणली, तर आजी कमरेवर हात ठेवून उभी.

"ए पोरी, गाडी तिकडं चिंचंखाली लाव. हितं लेकरू श्वास घेतंय."

मी मुकाट्यानं स्कूटर बंद केली आणि चिंचेपर्यंत ढकलत नेली.