मूळ उडी

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी, आणि मुंडावळ्यांसकट जनावरांच्या हौदात पडलेलाही पहिला मीच.

साल एकाहत्तर. श्रीगोंद्याजवळच्या एका गावात माझं लग्न ठरलं. सुपारी फुटल्यावर होणारा मेहुणा सोपान मला तंबूतला सिनेमा दाखवायला घेऊन गेला. हिंदी मारधाड! मागून आई हाका मारत असताना नायकानं माडीवरून थेट घोड्यावर उडी घेतली, तशी सोपाननं टोपी उडवली. मी शांतपणे सांगितलं, ही उडी इंग्रजी सिनेमातून ढापलेली आहे. मूळ मी नगरला पाहिलीय. (कॉलेजच्या वर्षांत मी एवढं लक्ष देऊन दुसरं काहीच पाहिलं नव्हतं.)

सोपानला ते लागलं. त्याचं म्हणणं, एखाद्याचं चांगलं दिसलं म्हणून आपण तसं केलं, तर तो त्याला दिलेला मान. आणि इंग्रजीवाल्याच्या उडीला मागून आईची हाक तरी होती का? मी म्हणालो, नक्कल ती नक्कलच. हा वाद थेट लग्नाच्या दिवसापर्यंत टिकला.

आमच्याकडे अक्षतांआधी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जातो. पाया पडून मी पारावर आलो, तर खाली सोपान लगाम धरून गालात हसत उभा.

"दाजी, मूळ उडी कशी हुती, दावा की."

अख्खं वऱ्हाड बघत होतं. पदवीच्या अब्रूचा प्रश्न होता! मी शेला खोचला आणि झेप घेतली. झेप उत्तम होती. पण ताशेवाल्यांना वाटलं, नवरदेवाला घोडा नाचवायचाय. त्यांनी कडकडाट केला. घोडा लग्नातलाच, ताशा वाजला की दोन पायांवर उभं राहायचं, एवढंच त्याचं शिक्षण. तो उभा राहिला. मी मागच्या मागं पाराशेजारच्या हौदात.

मला बाहेर काढेपर्यंत नवरीच्या आत्यानं जाहीर केलं होतं, "पोराला फिट येतीया. फसवलं आपल्याला." माघातली थंडी, मी दात वाजवत "फि-फि-फिट नाही" म्हणालो, आणि उरलेल्यांचीही खात्री पटली! सासरे फेटा काढून पारावर बसले. आमच्या वडिलांनी गाडीला बैल जुंपायला सांगितले. लग्न मोडल्यातच जमा होतं.

तेवढ्यात सोपान पुढं आला. "फिट न्हाई, आत्या. शिनेमातली उडी हाय. ही बघ." ताशेवाल्यांना दम देऊन तो पारावर चढला आणि चिमणी बसावी तसा अलगद खोगिरावर उतरला. शिट्ट्या पडल्या.

सासऱ्यांनी फेटा परत बांधला. आत्याला म्हणाले, "पोरगं धडधाकट हाय. फकस्त मूळ ढिलं हाय. नक्कल लई झ्याक."

अक्षता पडल्या. त्या गावात आजही नवरदेव पारावरून घोड्यावर उडी घेतो. तिला सोपानउडी म्हणतात. मूळ उडी माझी, असं मी पदवीधराच्या ठामपणानं सांगत असतो. लोक मान डोलावतात, आणि पाहुण्यांना हौद दाखवायला घेऊन जातात.