विक्री झाली म्हणायची कधी?

वाशीमला एका सीएच्या ऑफिसात मी अकाउंट्स पाहतो. आकड्यांच्या ऑफिसात कसले आलेत किस्से, असं मित्रांना वाटतं. पण मोबाईलवरून माल विकणारी, क्लास घेणारी, व्हिडिओ टाकणारी मंडळी आमच्याकडे यायला लागली आणि रोज घरी जाऊन बायकोला काहीतरी सांगायला मिळू लागलं. शेवटी तीच म्हणाली, "आता लिहून ठेवा, माझं डोकं भरलं!"

बहुतेक भांडणं एकाच प्रश्नावरची. ऑर्डर आली, पैसे आले, पण कमाई झाली कधी? आमचे साहेब आवाज न चढवता, समोरच्याला पटेपर्यंत समजावतात.

•

कामरगावच्या लताताई घरची हळद दळून ऑनलाइन विकतात. पहिल्या वर्षी मोबाईल वाजला की त्या वहीत एक विक्री लिहायच्या. मी वेबसाइटचा रिपोर्ट काढला, तर काही ऑर्डरी रद्द झालेल्या, बरीच पाकिटं परत आलेली!

साहेब म्हणाले, "ताई, ऑर्डर म्हणजे विक्री नाही. माल गिऱ्हाइकाच्या हातात पडला की विक्री. त्यातही जेवढा परत येईल असा अंदाज आहे, तेवढा बाजूला काढायचा."

लताताईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "म्हंजे सायब, पाहुणे पोरगी पाहून गेले, अन् मी पत्रिका छापून मोकळी झाली!"

•

मी हसलो खरा, पण पुढच्याच आठवड्यात सापडलो. एका मसालेवाल्याचा माल एकतीस मार्चला निघाला होता. बिलावर तीच तारीख, म्हणून मी विक्री त्याच वर्षात धरली. माल नागपूरच्या दुकानात पोचवायची जबाबदारी मात्र आमच्या पार्टीची, म्हणजे मसालेवाल्याची होती. साहेबांनी पोचपावती मागितली. ती तीन एप्रिलची.

"एकतीस तारखेला माल कुठं होता?"

"ट्रान्सपोर्टच्या गोडाउनात. अकोल्याला."

"आणि तुझी नोंद नागपूरला पोचली पण!"

•

जऊळक्याची पूजा मोबाईलवर साड्या विकते. साड्या सुरतच्या एका व्यापाऱ्याच्या. भाव तो ठरवतो, पार्सल तो पाठवतो, साडी परत आली तर तोच घेतो. पूजाला साडीमागे कमिशन मिळतं. तिनं मात्र साडीची अख्खी किंमत स्वतःची विक्री म्हणून लिहिली आणि सासूबाईंना घेऊन मोठ्या आनंदात ऑफिसात आली.

साहेबांनी विचारलं, "साडी कधी तुझ्या ताब्यात येते का?"

"नाई जी. निस्ता फोटो येते."

"मग कमिशन तेवढं तुझं उत्पन्न. बाकीची विक्री व्यापाऱ्याची."

पूजाचा चेहरा उतरला. सासूबाई मात्र खुर्चीत पुढं सरकल्या. "मी तेच म्हनून राह्यली होती! लाखाच्या साड्या विकते म्हन्ते, अन् घरात एक बी साडी दिसत नाई!"

•

मंगेश हा शेतकऱ्याचा मुलगा, शेतातले गमतीचे व्हिडिओ टाकतो. त्याच्या व्हिडिओवर मार्चमध्ये दिसलेल्या जाहिरातींचे पैसे एप्रिलमध्ये येतात. साहेबांनी ते मार्चच्याच उत्पन्नात घेतले, कारण जाहिरात दाखवून झाली म्हणजे कमाई झाली. इथवर मंगेशनं मान डोलावली.

पण एका दुकानदारानं जाहिरात करण्याच्या बदल्यात त्याला फवारणीचा पंप दिला होता. साहेब म्हणाले, "त्या पंपाची किंमतही उत्पन्नात धरायची."

"काहून? रुपया नाई भेटला, सायब!"

"जाहिरात केलीस ना? पंप हा तिचा मोबदला."

"मंग मी पंप वापस करतो." मंगेश तावातावानं उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. "पन सायब, व्हिडिओ कसा वापस घेऊ? लोकायनं पाहून टाकला!"

•

गवई सर पोलीस भरतीच्या मुलांचा मोबाईलवर क्लास घ्यायचे. वर्षाची फी जूनमध्ये एकदम घेत. साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, "एक महिना शिकवलं की फीचा बारावा हिस्सा तुमचा. उरलेली फी मुलांची, तुमच्याकडे ठेवलेली." सरांना ते इतकं आवडलं, की घरी जाऊन त्यांनी बायकोलाही समजावलं.

ऑक्टोबरच्या शेवटी सर हार्ट अटॅकनं गेले. बेचाळीस वर्षांचे होते.

काही दिवसांनी त्यांच्या पत्नी, सुनंदाताई, भावाला घेऊन आल्या. भाऊ म्हणाला, "फीचे पैशे बँकेत हायेत, सायब. ते हिचेच न?"

साहेबांनी सरांची फाईल उघडली. "पाच महिन्यांचे सरांचे. सात महिन्यांचे मुलांना परत द्यावे लागतील."

"नाई तं?" सुनंदाताईंनी विचारलं.

"नाहीतर सात महिने शिकवावं लागेल."

"मंग शिकवीन." भाऊ काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "मराठी अन् जीकेचे पेपर मीच तपासत होती. पोरं कुठं चुकतात, मले मालूम हाय."

गणित शिकवायचं काम सरांच्या एका मित्रानं घेतलं. काही मुलांनी फी परत मागितली, ती ताईंनी दिली. पहिला व्हिडिओ मी पाहिला. कॅमेरा तिरपा होता आणि आवाज थरथरत होता. दुसऱ्या महिन्यात कॅमेरा सरळ झाला. आवाज सरळ व्हायला फेब्रुवारी उजाडला.

मे संपल्यावर त्या ऑफिसात आल्या. मी शेवटच्या महिन्याचा हिस्सा उत्पन्नात टाकला. आगाऊ फीच्या खात्यात शून्य राहिलं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"म्हंजे आता पोरायचं काई देनं नाई?"

"काही नाही, ताई," साहेब म्हणाले. "हे पैसे आता तुमचे झाले."

"त्यायनं घेतले होते, सायब. त्यायचे झाले म्हना."

साहेब उभे राहिले. म्हणाले, "झाले."