सोपानची पिन आणि नाताळचा सिनेमा

कळसमध्ये केबल आणली ती सोपान कोळेकरनं. आजा मेंढरांमागं कोकणापर्यंत फिरलेला, बाप शेतीत रमलेला, आणि हा गडी इंदापूरला वायरमनचा कोर्स करून परतला तो डोक्यात डिश अँटेना घेऊनच. १९९८ साल सरता सरता निम्म्या गावात त्याची वायर पोचली होती. पण खालच्या आळीला जाणारी मुख्य वायर म्हाताऱ्या आबाजींच्या गच्चीवरून जायची, आणि सोपानचा सगळा जीव त्या गच्चीवर अडकलेला असायचा.

झालं होतं असं, की दिवाळीत आबाजी सुना-नातवंडांसह टीव्हीपुढं बसलेले असताना एका विलायती सिनेमात नको ते दिसलं. म्हातारा तडक सोपानच्या केबलच्या खोलीवर आला.

"सोपान्या, पुन्यांदा असलं काय दिसलं, तर वायर तोडून तुझ्या गळ्यात घालीन."

तेव्हापासून विलायती सिनेमा लागला की सोपान मशिनांपुढं ठाण मांडून बसायचा. हात गावाकडं जाणाऱ्या वायरीच्या पिनेवर. पडद्यावर दोघं जरा जवळ सरकली की पिन उपसायची. गावाच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, सोपानच्या छोट्या टीव्हीवर मात्र सिनेमा चालूच. धोका टळला की पिन परत जागेवर.

नाताळच्या संध्याकाळी एका चॅनलवर हिंदीत बोलणारा विलायती सिनेमा होता, खास टीव्हीसाठी बनवलेला. बारामतीला कॉलेजात शिकणारी आबाजींची नात सुकन्या सुट्टीला आली होती. तिनं सोपानला आधीच बजावलं होतं, "दादा, त्या दिवशी चॅनल बंद ठेवू नका हं."

सिनेमात होती मावशीची बेकरी विकायला शहरातून आलेली पोरगी, आणि गावातला एक सुतार. पहिल्याच भेटीत धडक होऊन तिच्या हातातली खोकी सांडली, तेव्हाच सोपानला शेवट कळला. बर्फ तर सरळसरळ कापसाचा दिसत होता. पण सिनेमा संपत आला तरी त्याच्या हाताला काम पडलं नाही. ना बंदूक, ना शिवी, ना वाईट वागणारं कुणी. हळूहळू त्याचा हात पिनेवरून मांडीवर आला. बेकरी विकली जाऊ नये असं त्यालाही वाटायला लागलं.

आणि अगदी शेवटी, बेकरीच्या दारात, सुतार तिच्याजवळ सरकला. सोपाननं झटक्यात पिन उपसली.

त्याच्या टीव्हीवर सुतारानं आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली, कपाळाला ओठ टेकवले, घंटा वाजल्या आणि नावं वर सरकू लागली. पिन परत खोचली तेव्हा गावाला दिसली साबणाची जाहिरात.

थोड्याच वेळात दारात आबाजी, मागं त्यांची बायको कुशाबाई.

"आबा, काय दिसलं न्हाय न्हवं? मी वेळंवर..."

"त्येच तर! काय बी दिसलं न्हाय! लगीन ठरलं का न्हाय त्यांचं?"



"ठरल्यागतच हाय."

"ठरल्यागत म्हंजी? नीट सांग की रं," कुशाबाई पुढं झाल्या. "आन् बेकरी इकली का ठिवली?"

"ठिवली, आज्जी. आन् त्यानं... कपाळाला ओठ टेकवलं. बस्स."

"यवढंच?" आबाजी खेकसले. "मग बंद कशापायी केलंस?"

"तुमच्या भ्यानं."

कुशाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आबाजी स्टुलावर टेकले.

"तसा सिनेमा येडाच हाय. गावात एक माणूस कामाला जात न्हाय, नुसतं झाडाला दिवं बांधत्यात. आन् यवढ्या बर्फात सुताराच्या डोक्याला फडकं न्हाय."

"त्या पोरीनं एकदा त्वांड उघडून त्याला इचारलं असतं, तर निम्मं रडणं वाचलं असतं," कुशाबाई म्हणाल्या.

"पर कसं हाय," आबाजींचा आवाज खाली आला, "सुना, पोरी, समदी संग बसलो. कुणाला मधीच पाण्याचं निमित्त काढून उठावं लागलं न्हाय. असला लावत जा."

सोपाननं दिवाळीपासून कोंडलेला श्वास सोडला. आबाजी दारापर्यंत जाऊन वळले.

"उद्या ये गच्चीवर. तुझी वायर वाऱ्यानं जिन्याच्या पत्र्यावर आपटती. झोप लागत न्हाय. चांगली पक्की बांध."

"सकाळीच येतो, आबा!" सोपानचा आवाज एवढा मोठा निघाला की कुशाबाई पुन्हा हसल्या.