राता भाताच्या दोन मुड्या

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या एका बियाण्यांच्या कंपनीत खरेदी खात्यात होतो. कंपनीला खाऱ्या जमिनीत तग धरणारं भात हवं होतं. त्याचा संकर करून नवं वाण बाजारात आणायचं होतं. असं भात पेणच्या खाडीकडे पिढ्यान्‌पिढ्या होतंच. राता म्हणतात त्याला, दाणा लाल. ते आणायला मला पाठवलं, कारण आमच्या मॅनेजरसाहेबांचं मराठी चहा मागवण्यापुरतंच होतं.

ज्याचं बियाणं, त्याला नफ्यात वाटा द्यावा, असा काही करार जगातल्या देशांनी केल्याचं परिपत्रक नुकतंच आलं होतं. आपल्याकडे कायदा व्हायचा होता. साहेबांनी ते फाइलला लावलं. "आपण वाटा द्यायचा आणि शेजारच्या कंपनीने फुकट न्यायचं, मग धंदा कोणी करायचा?" ते म्हणाले. मला ते पटलं. पगार त्यांच्या सहीने होत असला की बरंच काही पटतं.

खाडीकाठच्या गावात एका काकींच्या घरचं राता सगळ्यांत चांगलं, असं कळलं. काकींनी पेंढ्यात बांधलेल्या दोन मुड्या पुढे ठेवल्या. मी भाव विचारला.

"बी इकायचं नाय. ठेवायला द्यायचं," त्या म्हणाल्या. "ही कंपनीची. ही तुमचे घरची. सगलं बी एका बांधाचे आत ठेवू नये."

मी मान डोलावली. म्हण असेल, असं समजून ती अहवालातही घातली. साहेबांनी तिच्यावर लाल रेघ मारली. फॉर्ममध्ये 'मोबदला' असा रकाना होता. तिथे मी 'काही नाही' लिहिलं. चहासुद्धा काकींनीच पाजला होता. 'अटी' या रकान्यातही 'काही नाही', आणि खाली काकींचा अंगठा.

कंपनीची मुडी संशोधन केंद्रात गेली. माझी रोह्याजवळच्या वरसे गावात आमच्या घरी आली. मी ती भेट समजलो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो, पेरणार कुठे? गिरणीतून सडून आणली. बायकोने पेज केली, मऊ भात केला, शेजारणीलाही वाटीभर दिला.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदातल्या उधाणाने गावच्या बांधाला खांड पडली. उभ्या भातात खाडी शिरली आणि पीक गेलं. काकींनी आपलं इतर बी ज्यांच्याकडे ठेवलं होतं, त्यांचीही शेतं त्याच बांधाच्या आत. वैशाखात काकी कंपनीच्या गेटवर आल्या. वॉचमनने मला बोलावलं.

"थोडं राता द्या," त्या म्हणाल्या. "पेरायला काय नाय ऱ्हायलं."

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी फॉर्म काढून अटींच्या रकान्यावर बोट ठेवलं. अक्षर माझंच. नमुना आता कंपनीची मालमत्ता, तो बाहेर जायचा तर हेड ऑफिसची परवानगी हवी, आणि हेड ऑफिस अशी परवानगी देत नाही. साहेब रागावले नव्हते. मलाही चहा मागवला.

गेटवर येऊन मी काकींना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कंपनीचं ऱ्हावं दे," त्या म्हणाल्या. "तुमचे घरचं द्या. त्यासाठीच दिलं व्हतं. वरशाला खाडी येत नाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेबांवर ढकलायला आता काही उरलं नव्हतं.

"काकी, ते आम्ही खाल्लं."

"सगलं?"

"सगळं."

 मला इतकी लाज वाटली, की त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बरा लागला ना?" त्यांनी विचारलं.

"बरा लागला."

"लाल तांदूल पोराबालांना चांगला," त्या म्हणाल्या. येताना त्यांनी एक पिशवी आणली होती, धुऊन वाळवलेली. तिची घडी घालून त्यांनी काखेत मारली आणि पेणची एसटी कुठे थांबते ते मला विचारलं.