चमकुऱ्यासारखी पानं

सकाळी झाडाला पाणी घालायला गेले तर डब्यात नुसते दांडे उभे होते. पानं विळीनं कापून नेलेली. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस, घरभर धावपळ, आणि मी तांब्या धरून तशीच उभी राहिले.

ते झाड मला गावच्या मास्तरांच्या बायकोनं दिलं होतं, त्यांची पालमला बदली झाली तेव्हा. नुसतं शोभेचं, फूल नाही, फळ नाही. पानं चमकुऱ्याच्या आकाराची, म्हणजे ज्याच्या आपण वड्या करतो त्या अळूसारखी, पण पांढऱ्या ठिपक्यांची. त्या म्हणाल्या होत्या, "उन्हात ठेवू नका, करपतं. माती सुकल्याशिवाय पाणी नको. आणि पान तोंडात जाऊ देऊ नका, घसा सुजतो."

मी ते गोडेतेलाच्या जुन्या डब्यात लावून माजघरात ठेवलं. झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. पानांवर चुलीचा धूर बसायचा, तो ओल्या फडक्यानं पुसायचे. हिवाळ्यात पानं गळाली तेव्हा मेलं समजून रडले. मृग लागल्यावर मातीतून गुंडाळलेलं पान वर आलं. असं तीन वर्षं सांभाळलं. घसा सुजतो, हे मात्र सासूबाईंना कधी सांगितलं नाही. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची.

त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून गडबड चालू होती. एसटी बंद, सोनपेठचा बाजार भरला नव्हता. चमकुरा कुठंच मिळाला नाही, आणि वड्यांशिवाय आमच्या घरी नैवेद्य कधी झाला नव्हता.

मी चुलीपाशी सासूबाईंकडे गेले तेव्हा वड्या उकडून झाल्या होत्या.

"आत्याबाई, ती पानं..."

"नुसतं बघून काय करायचं व्हतं त्या पानाला? ठिपके बेसनात झाकले. चिच लय घातलीय, खाजत न्हाई."

एवढं बोलून त्या वळल्या. नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी काही चाखत नाही, त्यामुळे दिवसभर कुणाला काही कळलं नाही. मी खाली मान घालून पुरण वाटत बसले.

दिवेलागणीला सवाष्णी जेवायला बसल्या. शेजारची लेकुरवाळी दीड वर्षाचं पोर मांडीवर घेऊन बसली होती. वडी बघून म्हणाली, "आमच्याकडं औंदा वड्याच न्हाईत. तुमी कुठून पैदा केल्या, मावशी?"

"आमच्या सुनंचा मळा हाय माजघरात," सासूबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

हसता हसता तिनं वडी मोडली आणि अर्धी पोराच्या तोंडाशी नेली. मी तिच्या हातावर फटका मारला. वडी उडून समईपाशी पडली. पोर रडायला लागलं. महालक्ष्मी म्हणून जेवायला बसवलेल्या बाईवर मी हात उचलला होता.

"येड लागलं का गं?" सासूबाई म्हणाल्या.

"खाऊ नका. घसा सुजतो." माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"माझ्या हातच्या नैवेद्यानं? ही बघा, मी खाते." त्यांनी ताटातली वडी उचलून तोंडात घातली. दोन-तीनदा चावली, आणि चावायच्या थांबल्या. हात गळ्याकडे गेला. ओठ सुजत गेले, जीभ आत मावेना, लाळ पदरावर गळायला लागली. सवाष्णी न जेवता उठल्या.

दोन दिवस त्या ताकावर होत्या. मी चमच्यानं पाजायची. त्या माझ्याकडे बघत राहायच्या. तिसऱ्या दिवशी शब्द फुटला.

"तुला म्हाईत व्हतं?"

मी होकाराची मान हलवली.

"तिच्या हातावर मारलंस," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "मी खात व्हते तवा माझा हात का न्हाई धरलास?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ताकाची वाटी हातात धरून मी स्वतःला विचारून पाहिलं, आणि जे उत्तर आलं ते मी त्यांना सांगितलं नाही.